ब्रह्मदेश, दारफूर, कामतघर

२७ सप्टेंबर २००७, गुरुवार

निवृत्त होऊन चार महिने झाले. माझ्याबरोबर शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी एकजण देवळाच्या ट्रस्टवर चिकटला, दुसरा दिवसभर नातवाच्या मागे चमचा घेऊन फिरतो. मी आज ब्रह्मदेश हाती घेतला.

सकाळी पेपरात फोटो पाहिला. रंगूनच्या रस्त्यावर अनवाणी भिक्षू आणि त्यांच्यासमोर बंदुका रोखलेले सैनिक. फोटो कापून वहीत ठेवला. एकतीस वर्षं इतिहास शिकवला, पण तिथे जुलूम म्हणजे चार गुणांचा प्रश्न, थोडक्यात उत्तर लिहा. आता थोडक्यात भागणार नाही.

संध्याकाळी हारूनशेठच्या ऑफिसात बैठक झाली. कामतघरात आमच्या भातशेतीच्या जागेवर मी गाळा बांधला, तो गेली अकरा वर्षं हारूनशेठकडे भाड्याने आहे. खाली त्याचे चोवीस लूम, वर माळ्यावर ऑफिस, त्याचा जिना बाहेरून. खालच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. आवाज उठवायला याहून योग्य जागा भिवंडीत नसेल. 'जागतिक मानवी हक्क जागृती समिती' स्थापन झाली. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष हारूनशेठ, कारण चहा आणि बॅनरचं कापड त्याचं. चिटणीस त्याची पुतणी नबीला, ठाण्याला वकिली शिकते, शेवटचं वर्ष. बाकीचे दोन सदस्य माझ्याच शाळेतले निवृत्त. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर होतात.

नबीलाने विचारलं, इथल्याही काही प्रश्नांवर काम करायचं का. मी म्हटलं, त्यासाठी नगरसेवक आहेत.

घरी आल्यावर कमळाला सगळं सांगितलं. ती मांदेली साफ करत होती.

"बरमा लांब हाय का?"

म्हटलं, खूप लांब.

"मंग बरा हाय," म्हणाली आणि पुन्हा मांदेलीकडे वळली. संसाराला पस्तीस वर्षं झाली, बायकोला जगाचं भान काही आलं नाही.

२ ऑक्टोबर, मंगळवार

धामणकर नाक्यावर मूकमोर्चा. अकरा माणसं होती. त्यातली चार रस्ता ओलांडायला थांबली होती, हे मागाहून कळलं. हॉर्न इतके वाजत होते की मोर्चा मूक आहे हे आमचं आम्हालाच ठाऊक. बॅनरवरचं 'ब्रह्मदेश मुक्त करा' वाचून एका शेअररिक्षावाल्याने विचारलं, "काका, किधर आया ये? अंजूर फाटा के आगे?" मी त्याला मंडालेच्या तुरुंगापासून सांगायला घेतलं, तर तेवढ्यात त्याची रिक्षा भरली.

४ ऑक्टोबर, गुरुवार

पेपरात फोटो आला. हारूनशेठ स्वच्छ दिसतो, नबीलाही. माझ्या तोंडावर बॅनरचा बांबू आलाय. चळवळीत असे त्याग करावे लागतात. घराच्या दारावर समितीची पाटी मात्र आज लागली, निळ्यावर पांढरी अक्षरं, रस्त्यावरून वाचता येते.

९ ऑक्टोबर, मंगळवार

ब्रह्मदेशाच्या लष्करशहांना निषेधाचं पत्र, रजिस्टर पोस्टाने. पोस्टातल्या बाईंनी पिनकोड विचारला. म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग गेलं तर गेलं. पावती फायलीला लावली. जगात अन्याय टिकून राहतो तो असल्या कारकुनी वृत्तीमुळे.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी जेवून जरा आडवा झालो, तर दारात एक बाई. नाव चंद्रा. हारूनशेठच्या कारखान्यासाठी पलीकडच्या चाळीत सुताच्या कांड्या भरते. नवरा विठू आपल्याच गाळ्यात लूमवर आहे. दोघं अंबाडी गावाकडची. त्यांची दुसरीतली पोर पाण्याच्या पिंपावरून पडली, हात मोडला. पोरीला शेजारणीच्या मांडीवर देऊन ही नवऱ्याला बोलवायला गेली, तर शटरला बाहेरून कुलूप. शिफ्ट सुरू झाली की मुकादम कुलूप घालतो, सकाळी आठ ते रात्री आठ. किल्ली त्याच्या खिशात आणि तो जेवायला गेलेला. तिने खिडकीच्या जाळीतून हाका मारल्या. चोवीस लूम चालू असताना आतल्याला काय ऐकू जाणार?

"तुमच्या दारावर पाटी हाय ना मास्तर, मानसांच्या हक्काची," ती म्हणाली. "पोरीनंच वाचून दाखवली व्हती."

मी तिला नीट समजावून सांगितलं. समिती आंतरराष्ट्रीय आहे. कुलूप ही मालक आणि कामगार यांच्यातली अंतर्गत बाब, तीत बाहेरच्याने पडू नये. (ब्रह्मदेशाचे लष्करशहाही असंच म्हणतात, पण तिथला संदर्भ वेगळा आहे.)

ती ऐकत उभी होती. तेवढ्यात कमळा पदर खोचत आतून आली, पायात चपला सरकवल्या आणि माझ्याकडे न बघता तिच्याबरोबर निघाली. पोरीला घेऊन दोघी दवाखान्यात गेल्या, प्लास्टर करून दिवेलागणीला परतल्या. माझा चारचा चहा राहिला. समाजकार्याची झळ घरच्यांना बसते असं म्हणतात. इथे उलट आहे.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

बैठक. चिटणीसबाईंनी विषयपत्रिकेत परस्पर एक विषय घातला : कामतघरमधील कुलपे. आमच्या दोन सदस्यांना 'कुलपती' ऐकू आलं आणि त्यांनी विद्यापीठाच्या कारभारावर बोलायला सुरुवात केली. त्यात वीस मिनिटं गेली, मला बरंच वाटलं.

हारूनशेठ चिडला नाही. तो चिडणारा माणूसच नाही. त्याचं म्हणणं असं, की तो हौसेने कुलूप लावत नाही. तागे चोरीला जातात, शिवाय कारागीर मध्येच उठून दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन बसतो. सगळीकडे हेच चालतं. नबीला म्हणाली, "चाचा, आत कुणाला काही झालं तर?" तो म्हणाला, अकरा वर्षांत काही झालं नाही.

दोन्ही बाजू माझ्या ध्यानात आल्या. अध्यक्षाने समतोल राखायचा असतो. विषय दारफूरनंतर घ्यावा असा ठराव झाला. तिकडे सुदानात, दारफूरमध्ये गावंच्या गावं जाळली जातायत, लाखो माणसं तंबूंत राहतायत. त्यापुढे एक कुलूप म्हणजे काय?

खाली उतरताना ते कुलूप पहिल्यांदा निरखून पाहिलं. चांगलं दणकट आहे.

९ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

हारूनशेठकडून मिठाईचा खोका आला. कमळाने तो न उघडताच चंद्राकडे पोचवला. हल्ली दुपारची ती चंद्राकडेच जाऊन बसते, तिच्याबरोबर कांड्या भरते. गाळामालकाची बायको कांड्या भरते हे चारचौघांत बरं दिसत नाही, असं सुचवून पाहिलं. ती म्हणाली, "तुमी लिवा ना तुमचा."

दारफूरवरची पत्रकं छापून आली. छापखान्यात 'दापूर' झालंय. हे बहुधा नाशकाकडचं गाव असावं. तिथल्या लोकांना कारण नसताना आमची सहानुभूती मिळाली.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

क्रमाने लिहितो.

दुपारी अडीचला मी टेबलाशी बसून दहा डिसेंबरच्या, मानवी हक्क दिनाच्या भाषणाचा मसुदा करत होतो. वीज गेलेली होती, ती आली. थोड्या वेळाने गाळ्याच्या बाजूने ओरडा झाला. गाळा घरापासून पन्नास पावलांवर. बाहेर येऊन बघतो तर खिडकीच्या जाळीतून काळा धूर. वीज येताना ठिणगी पडली असावी, आणि आत सगळीकडे सुताचा भुगा साचलेला. आतली माणसं शटरवर हात आपटत होती. बाहेर कुलूप. मुकादम अंबाडीला लग्नाला गेलेला, किल्ली घेऊन.

दुसरी किल्ली माझ्या कपाटात होती. मालकाकडे एक असावी असं आमच्या करारात आहे. मी घरात धावलो, कपाट उघडलं. किल्ली कराराच्या कागदालाच दोऱ्याने बांधलेली होती. आणि मी तो कागद वाचला. आता लिहितानाही खरं वाटत नाही, पण वाचला. कलम सात : भाडेकरूच्या परवानगीवाचून मालकाने गाळा उघडू नये. मी हारूनशेठला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग दोऱ्याची गाठ सुटेना. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही.

किल्ली घेऊन पोचलो तेव्हा कुलूप तुटून पडलं होतं. कमळा आणि चंद्राने अंगणातली पहार नेली होती. कमळाचे दोन्ही तळहात सोलवटलेत. नऊच्या नऊ माणसं बाहेर निघाली, खोकत, काळीठिक्कर. विठू शेवटी. कुलूप तुटलं तरी शटर वाकून अडकलं होतं, ते त्याने आतून उचलून धरलं आणि बाकीच्यांना खालून काढलं. शटर तापून लाल व्हायच्या बेतात होतं. त्याच्या हातांची कातडी तिथेच राहिली.

चंद्रा त्याच्या तोंडावर पाणी मारत होती. कमळाने वर पाहिलं आणि तिला माझ्या हातातली किल्ली दिसली.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळीच हारूनशेठ आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. विठूच्या दवाखान्याचा खर्च तो करतोय, हे आधी नमूद करतो. खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "मास्तर, माणसं वाचली ना? शटर उघडं होतं एवढंच म्हणा. कुलूप म्हटलं की कारखाना गेला, त्याच्याबरोबर तीस घरांची चूल गेली. आणि गाळा तुमचा आहे. किल्ली तुमच्याकडे होती."

शेवटचं वाक्य तो अगदी हळू बोलला.

दुपारी पोलिसचौकीत जबाब दिला. साहेब फार अदबीने वागले, म्हणाले, समितीच्या अध्यक्षांच्या शब्दाला वजन असतं. 'घटनेच्या वेळी शटर अर्धे उघडे होते.' यातला 'अर्धे' हा शब्द मी स्वतः घालायला लावला. सपशेल खोटं बोलायला मन धजेना.

घरी येऊन कमळाला सांगितलं. तीस घरांचा मुद्दाही सांगितला. ती उठून मोरीकडे गेली आणि मलम लावलेल्या हातांनी भांडी घासत बसली. तेव्हापासून बोलणं बंद. ताट वाढते, ठेवते, जाते. मूकमोर्चा कसा काढावा हे आमच्या समितीने तिच्याकडून शिकायला हवं.

३ डिसेंबर, सोमवार

नबीलाचा राजीनामा आला. ती स्वतःच घेऊन आली. चाचाचं घर सोडून मामूकडे राहायला गेली म्हणे. गेले तीन दिवस ती चाळीत फिरून कामगारांचे जबाब लिहून घेतेय. नऊजण होते, दोघे घाबरून मुलखात निघून गेले, सात उरलेत.

चहा नको म्हणाली. बसलीही नाही.

"सर, सातही जण म्हणतात कुलूप होतं. चौकीत म्हणतात, अध्यक्षांनी अर्धं उघडं लिहून दिलंय. मला एकच विचारायचंय. अर्ध्या उघड्या शटरला पहार कशाला लागली?"

मी तिला म्हटलं, तू अजून लहान आहेस, कायदा आणि व्यवहार यांत फरक असतो. ती म्हणाली, हो सर, तोच अभ्यासाला आहे. जाताना आत डोकावून कमळाला सलाम करून गेली. आतून दोघींचं कुजबुजणं बराच वेळ ऐकू येत होतं. म्हणजे बोलणं फक्त माझ्याशी बंद आहे.

राजीनामा फायलीला लावला. भाषणाचं शेवटचं पान अजून जमत नाही.

१० डिसेंबर, सोमवार. मानवी हक्क दिन

कार्यक्रम ठरल्या वेळी झाला. हॉल, हारतुरे, समई. प्रमुख पाहुणे म्हणून ज्यांनी माझा जबाब घेतला तेच साहेब. त्यांना बोलवायचं दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं, तेव्हा कोणाला काय ठाऊक. शेजारी हारूनशेठ. साठसत्तर माणसं तरी असतील. समितीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उपस्थिती.

मी बोलायला उठलो आणि मागच्या दाराने नबीला आत आली. तिच्यामागे विठू, चंद्रा, सहा कामगार. त्यांच्या मागे कमळा, लग्नाकार्याची हिरवी साडी नेसून. समितीच्या कार्यक्रमाला ती आजवर कधी आली नव्हती. पहिली रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली, रिकामी होती. ते सगळे तिथे बसले. घोषणा नाही, फलक नाही. नुसते बसले.

भाषण छापलेलं होतं, तेच वाचलं. दुसरं करता आलं असतं का? असतं. पण माणूस घाबरला की हातातला कागद वाचतो, हे मला आता दोनदा कळलंय. 'मित्रहो, जगात कुठेही माणसाला कोंडलं जातं, तेव्हा त्याचा आवाज आपल्या कानापर्यंत पोचला पाहिजे,' इथे मी थांबलो. थांबायचं असं मीच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, टाळ्यांसाठी. टाळ्या आल्या. साहेबांनी वाजवल्या, हारूनशेठने खाली मान घालून वाजवल्या, माझ्या दोन्ही सदस्यांनी काय ऐकलं देव जाणे, पण सगळ्यांत जोरात वाजवल्या.

पहिल्या रांगेत कुणी वाजवली नाही. विठूचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते. बाकीच्यांचे मोकळे होते.

डॉक्टर म्हणतात, त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं आता मिटायची नाहीत. हे मला हॉलच्या पायऱ्यांवर चंद्राने सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं. तक्रार केली नाही.

११ डिसेंबर, मंगळवार

दिवसभर काही केलं नाही. पेपरात बातमी आहे, फोटोत या वेळी मी स्पष्ट आलोय. चष्म्यावर उजेड पडलाय, डोळे दिसत नाहीत. दारावरची पाटी काढायला स्टूल घेतलं, मग वाटलं, नुसती पाटी काढणं हाही एक कार्यक्रमच झाला. स्टूल जागच्या जागी ठेवलं.

१२ डिसेंबर, बुधवार

न्याहारीला कमळाला सांगितलं, चौकीत जाऊन जबाब बदलतोय. ती भाकरी थापत होती. तवा उतरवला, आत गेली, साडी बदलून बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली. नबीलाला मी फोन केला होता, ती चौकीच्या बाहेर कागदांची पिशवी घेऊन थांबली होती. तिच्या डोळ्यांत आनंद वगैरे काही नव्हता. फक्त म्हणाली, "सर, सगळं सांगायचं असेल तरच आत चला."

साहेबांनी तीन तास बाकावर बसवलं. परवा माझ्या गळ्यात याच माणसाने हार घातला होता. मग आत बोलावलं, दार लोटलं आणि बऱ्या शब्दांत समजावलं, की मास्तर, विचार करा. खोटा जबाब दिलात म्हणून तुमच्यावर येईल. किल्ली तुमच्याकडे होती म्हटल्यावर मूळ गुन्ह्यातही नाव येईल. या वयात कोर्टाच्या पायऱ्या कशाला?

मी सांगितलं. कुलूप होतं. रोज असायचं. आम्ही वर माळ्यावर बैठका घ्यायचो तेव्हाही खाली असायचं. ऑक्टोबरात चंद्रा येऊन सांगून गेली होती. किल्ली माझ्या कपाटात होती आणि माणसं शटर बडवत असताना मी करार वाचत होतो. कलम सातसुद्धा सांगितलं. लिहून घेणारा हवालदार तिथे थबकला, त्याने वर बघितलं. मी म्हटलं, लिहा, तसंच झालं.

शेवटी तो नाव, वय, पत्ता विचारू लागला. 'तुळशीराम, वय अठ्ठावन्न, राहणार कामतघर.' व्यवसायापाशी थांबला. साहेब आतून म्हणाले, "मानवी हक्क कार्यकर्ते लिही."

"नको," मी म्हटलं. "गाळामालक लिहा."

त्याने लिहिलं. मी सही केली. या वेळी कुठलाही शब्द घालायला लावला नाही.

गाळ्याला उद्या सील लागेल. तीस घरांचं हारूनशेठ खोटं बोलला नव्हता, ती घरं आहेतच. नबीला म्हणते, त्यासाठीही भांडावं लागेल आणि त्यात मालक म्हणून नावं दोन असतील, हारूनशेठचं आणि माझं. बाहेर पडलो तर समोरच्या टपरीपाशी हारूनशेठ उभा होता. त्याला बातमी लागली असावी. अकरा वर्षांचा घरोबा. मी हात वर केला, त्याने पाहिलं आणि पाठ फिरवली. त्यात त्याची काही चूक नाही.

धामणकर नाक्यावरून शेअररिक्षा घेतली. मी आधी चढून ऐसपैस बसलो. कमळा एक पाय आत, एक बाहेर अशी खोळंबली. तळहातावर अजून खपली आहे, त्यामुळे तिला दांडी धरता येत नव्हती. माझ्याकडे बघून ती तेरा दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"सरका जरा तिकडं."

मी सरकलो.